डोळ्याचा पडदा मधुमेह असलेल्यांत किती बिघडतो आणि नसलेल्यांत किती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"शुगर निघाली की डोळे जातात" हे आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत ऐकू येतं आणि दवाखान्याच्या बाकावरही. "मला शुगर नाही, माझे डोळे ठणठणीत" हे म्हणणारेही तितकेच भेटतात. आकडे पाहिले तर दोन्ही वाक्यं टिकत नाहीत. लोक पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न इथे त्यांच्याच भाषेत ठेवले आहेत. पडदा म्हणजे डोळ्याच्या आत मागच्या बाजूला असलेलं दृष्टिपटल, रेटिना. चष्म्याचा नंबर किंवा मोतीबिंदू हे वेगळे विषय आहेत.

मधुमेह असलेल्या शंभर जणांपैकी किती जणांचा पडदा खराब होतो?

भारतात चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या शंभर मधुमेहींची तपासणी केली, तर साधारण बारा ते सतरा जणांच्या पडद्यावर काही ना काही खूण सापडते. नजर जाण्याचा खरा धोका त्यांतल्या चौघांच्या आसपास असतो.

हा अंदाज दोन मोठ्या पाहण्यांवरून आहे. २०१५ ते २०१९ या काळातल्या सरकारी राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या मधुमेहींपैकी १६.९ टक्के जणांना डायबेटिक रेटिनोपॅथी, म्हणजे मधुमेहाने पडद्याचा होणारा बिघाड, आढळली, तर नजरेला धोका असलेली ३.६ टक्क्यांना. दुसरा अभ्यास 'स्मार्ट इंडिया' नावाचा. त्यात दहा राज्यं आणि एका केंद्रशासित प्रदेशातल्या चाळिशीपुढच्या लोकांना तपासलं गेलं. २०२२ साली छापून आलेल्या त्या निष्कर्षांत हेच आकडे १२.५ आणि ४ टक्के आहेत. मुंबईतल्या झोपडपट्ट्यांत केलेल्या एका पाहणीत पंधरा टक्क्यांच्या आसपास मधुमेहींना रेटिनोपॅथी होती. चेन्नईतल्या दोन जुन्या अभ्यासांत अठराच्या आसपास.

जगाचा आकडा याहून मोठा आहे. २०१२ साली ३५ अभ्यास एकत्र करून काढलेली सरासरी ३४.६ टक्के होती आणि नजरेला धोका असलेले सुमारे १० टक्के. नंतरचे अभ्यास धरून २०२१ साली पुन्हा हिशेब मांडला तेव्हा ती २२ आणि ६ टक्क्यांवर आली.

व्हॉट्सॲपवर येतं, "दर तीन मधुमेहींपैकी एक आंधळा होतो." खरं का?

नाही. तो 'तीनातला एक' वरच्या २०१२ च्या आकड्यातून उचललेला आहे आणि त्यात एका डोळ्यात एकच लाल ठिपका असलेला माणूसही मोजलेला आहे. त्या माणसाला बहुधा पुढची कित्येक वर्षं काहीच जाणवणार नाही. घाबरवून लोकांना तपासणीला आणावं असं काहींना वाटतं. प्रत्यक्षात घाबरलेला माणूस तपासणी टाळतो, हे कुठल्याही शिबिराच्या रांगेत दिसतं.

आणि ज्यांना मधुमेहच नाही, त्यांच्यात?

बहुतेकांना वाटतं की इथे शून्य असणार. तसं नाही.

अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या बीव्हर डॅम नावाच्या गावात ४३ ते ८६ वयाच्या लोकांच्या पडद्याचे फोटो काढले गेले. मधुमेह नसलेल्यांपैकी जवळजवळ ८ टक्के लोकांच्या पडद्यावर रेटिनोपॅथीसारख्याच खुणा मिळाल्या. म्हणजे तेच बारीक लाल ठिपके, तसेच रक्ताचे थेंब. सिडनीच्या पश्चिमेला ब्लू माउंटन्स भागात पन्नाशीच्या पुढचे लोक तपासले, तिथे हे प्रमाण दहाच्या आसपास निघालं. अमेरिकेतल्याच सहा ठिकाणच्या एका मोठ्या अभ्यासात, ज्यात गोरे, काळे, हिस्पॅनिक आणि चिनी वंशाचे असे सगळे होते, मधुमेह नसलेल्यांत १२.५ टक्के.

थोडक्यात, चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या, साखर अगदी व्यवस्थित असलेल्या दहा-बारा माणसांना रांगेत बसवून चांगल्या कॅमेऱ्याने फोटो काढले, तर एखाद्याच्या पडद्यावर काहीतरी मिळतंच.

भारतातल्या मधुमेहींत १२.५ आणि अमेरिकेतल्या मधुमेह नसलेल्यांतही १२.५! म्हणजे फरक काहीच नाही?

हा प्रश्न विचारणाऱ्याचं गणित पक्कं आहे. पण हे दोन आकडे शेजारी ठेवण्यासारखे नाहीत.

स्मार्ट इंडियात हातात धरायच्या कॅमेऱ्याने, डोळ्यात थेंब न टाकता फोटो काढले होते. घरोघरी फिरून काम करायचं तर दुसरा उपायही नसतो. थेंब टाकले नाहीत की बाहुली लहान राहते. त्यात आपल्याकडे मोतीबिंदू पिकेपर्यंत थांबणारे पुष्कळ, मग फोटो धूसर येतात आणि बारीक ठिपका निसटतो. परदेशातल्या त्या अभ्यासांत टेबलावरचा मोठा कॅमेरा, ठरलेले कोन आणि फोटो वाचणारी प्रशिक्षित माणसं. तिथे एकेक ठिपका मोजला जातो. वयोगट वेगळे, मधुमेह किती वर्षांचा हेही वेगळं.

तुलना करायची तर एकाच अभ्यासात, एकाच कॅमेऱ्याने केलेली घ्यावी. ऑस्ट्रेलियाच्या 'ऑसडायब' पाहणीत हे छान दिसतं. आधीपासून मधुमेह माहीत असलेल्यांत २१.९ टक्के. त्याच तपासणीत पहिल्यांदा मधुमेह निघालेल्यांत ६.२ टक्के. आणि मधुमेह नाही, पण साखर हद्दीवर आहे अशांत ६.७ टक्के. नवा मधुमेही आणि हद्दीवरचा माणूस जवळजवळ एका पातळीवर आहेत आणि जुना मधुमेही त्यांच्या तिपटीहून पुढे. फरक पडला तो मधुमेहात गेलेल्या मधल्या वर्षांनी.

टक्क्यांपेक्षाही मोठा फरक आजाराच्या पायरीत असतो. मधुमेह नसलेल्यांच्या पडद्यावरच्या खुणा जवळजवळ नेहमी पहिल्या पायरीवरच्या असतात: एक-दोन ठिपके, एखादा थेंब. नव्या कमकुवत रक्तवाहिन्या उगवणं, डोळ्यात रक्त उतरणं, पडदा ओढला जाणं, मॅक्युलाला (पडद्याच्या मधल्या भागाला) सूज येणं ही पुढची साखळी मधुमेहात दिसते. मधुमेह नसलेल्या माणसात ती दिसली तर डॉक्टर लगेच दुसरं कारण शोधायला लागतात.

हे ठिपके म्हणजे नेमकं काय?

पडद्यातल्या सर्वांत बारीक रक्तवाहिनीची भिंत एका जागी कमकुवत होते आणि जुन्या सायकलच्या ट्यूबला फुगा यावा तशी फुगते. फोटोत तो गडद लाल टिंबासारखा दिसतो. पूर्ण फोटोची पार्श्वभूमी नारिंगी, एका बाजूला फिकट पिवळसर गोल चकती, तिच्यातून बाहेर पडणाऱ्या लाल फांद्या आणि कुठेतरी फांदीपासून सुटं पडलेलं, सुईच्या टोकाएवढं टिंब. फोटो मोठा करून दाखवल्याशिवाय पेशंटला ते सापडत नाही. फुगा फुटला की रक्ताचा डाग, पाझरला की पिवळट चकचकीत कण.

माझ्या यजमानांना शुगर नाही, तीनदा तपासली. तरी डॉक्टर म्हणाले पडद्यावर रक्ताचे ठिपके आहेत. कशामुळे?

पहिला संशय रक्तदाबावर घ्या. मधुमेह नसलेल्यांत ज्या गोष्टीशी या खुणांचा संबंध अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसला आहे, ती म्हणजे बीपी. पडद्यातल्या वाहिन्या इतक्या बारीक असतात की वर्षानुवर्षं वाढलेला दाब त्यांच्यावर आधी उमटतो. यजमानांचं बीपी शेवटचं कधी मोजलं ते आठवा. "एकदा जास्त आलं होतं, पण तेव्हा जिना चढून गेलो होतो" असं उत्तर असेल तर पुन्हा मोजून घ्या, आणि एकदाच नाही, वेगवेगळ्या दिवशी.

त्यानंतर वय. मग इतर कारणं: पडद्याच्या शिरेत गुठळी अडकणं, तीव्र रक्तक्षय, रक्ताचे काही आजार, डोळ्याजवळ घेतलेली रेडिएशनची ट्रीटमेंट, मानेतली मुख्य धमनी अरुंद होणं. शिरेत गुठळी हे त्यातलं सर्वांत नेहमीचं. प्रौढांमध्ये हजारी पाच जणांना ती होते असा जागतिक अंदाज आहे. ती बहुधा एकाच डोळ्यात असते आणि रक्ताचे डाग पडद्याच्या एका भागात पसरलेले असतात, त्यामुळे डॉक्टरांना ओळखायला सोपी.

साखरेबद्दल एक. फक्त उपाशीपोटीची साखर तीनदा तपासली असेल तर जेवणानंतरची आणि तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीएवनसी, दोन्ही करून घ्या. उपाशीपोटी नॉर्मल आणि जेवणानंतर वाढलेली असे लोक आपल्याकडे काही कमी नाहीत.

नुसता फोटो पाहून ठिपके साखरेचे की बीपीचे, हे कळत नाही का?

एक-दोन ठिपके असतील तर नाही. यात डॉक्टरांचा दोष नाही. हा वाद पडद्याच्या तपासणीइतकाच जुना आहे.

डोळ्याच्या आत बघायचं उपकरण हेल्महोल्ट्झने १८५१ साली बनवलं. चार वर्षांतच, १८५५ साली, एडुआर्ड येगर यांनी एका मधुमेहीच्या पडद्यावरचे बदल वर्णन करून ठेवले. त्या काळातले सर्वांत मोठे नेत्रतज्ज्ञ अल्ब्रेख्ट फॉन ग्रेफं यांना मात्र ते पटलं नाही. मधुमेहाशी याचा संबंध असल्याचा पुरावा काय, असा त्यांचा सवाल. पुढची कित्येक दशकं मोठमोठे लोक म्हणत राहिले की हे सगळं बीपीचं आणि रक्तवाहिन्या कडक होण्याचं आहे. १९४० च्या दशकात ग्लासगोच्या आर्थर बॅलंटाइन यांनी केशवाहिन्यांच्या भिंतीतले बदल आणि ते फुगे दाखवले, तेव्हा कुठे मधुमेहाची रेटिनोपॅथी हा स्वतंत्र आजार म्हणून पक्का झाला.

आज डॉक्टर ठिपके कुठे आहेत, दोन्ही डोळ्यांत आहेत का, कापसासारखे पांढरे डाग किती, धमन्या कशा दिसतात, हे सगळं पाहतात. आणि मग तुमचे रक्ताचे रिपोर्ट मागतात. तसे ते मागितले तर "डॉक्टरांना काही कळलं नाही" असं समजू नका.

मधुमेह नसलेल्यांचे ठिपके पुढे वाढत जातात का?

बहुतेकांचे नाही. ब्लू माउंटन्सच्याच लोकांना पाच वर्षांनी पुन्हा तपासलं, तेव्हा आधी खुणा असलेल्या दहांतल्या सुमारे सात जणांच्या पडद्यावर त्या उरल्याच नव्हत्या. त्याच वेळी इतर काहींच्या पडद्यावर नव्याने आल्या होत्या. म्हणजे दर पाहणीत टक्का साधारण तेवढाच राहतो, माणसं बदलतात.

मधुमेहातही एखादा सुटा ठिपका पुसला जातो, पण एकूण ओघ पुढच्या दिशेने असतो. माझ्या मते दोन गटांत खरा फरक हा आहे, आणि तो एका दिवसाच्या टक्केवारीत दिसत नाही.

माझी शुगर बॉर्डरवर आहे. मला चिंता करायची गरज आहे?

अमेरिकेतल्या मधुमेह-प्रतिबंधाच्या एका मोठ्या प्रयोगात सगळेच जण बॉर्डरवरचे होते. काही वर्षांनी त्यांच्या पडद्याचे फोटो काढले. ज्यांना अजून मधुमेह झाला नव्हता त्यांच्यात ७.९ टक्के, आणि ज्यांना सरासरी तीन वर्षांपूर्वी झाला होता त्यांच्यात १२.६ टक्के. एकाच प्रकारची माणसं आणि फोटोची पद्धतही तीच, तीन वर्षांत एवढा फरक. ७.९ हा आकडा साखर नॉर्मल असलेल्यांत मिळतो त्याच्या आसपासचाच आहे, हेही लक्षात घ्या. बॉर्डरवर असताना पडद्यापेक्षा वजन, चालणं आणि बीपी यांच्याकडे बघण्यात जास्त फायदा आहे. देशात बॉर्डरवरचे सुमारे साडेतेरा कोटी लोक आहेत. सगळ्यांनी रेटिना तज्ज्ञाकडे रांग लावली तर ज्यांना आज लेझर हवं आहे त्यांना नंबर मिळायचा नाही.

मधुमेह ठरवायचा एचबीएवनसीचा ६.५ हा आकडा कुठून आला?

चक्क डोळ्याच्या पडद्यावरून. हे फार कमी लोकांना माहीत असतं.

साखर ही उंचीसारखी सलग वाढत जाणारी गोष्ट आहे. रेघ कुठे मारायची? तज्ज्ञांनी ठरवलं की ज्या पातळीला पडद्याचं नुकसान दिसायला लागतं तिथे. ॲरिझोनातले पिमा आदिवासी, इजिप्तमधले लोक आणि अमेरिकेतली सर्वसाधारण जनता अशा तीन पाहण्यांत साखरेप्रमाणे दहा गट पाडले. खालच्या गटांत रेटिनोपॅथीचं प्रमाण जवळजवळ सपाट आणि वरच्या गटांत एकदम चढ. तो चढ जिथे सुरू होतो तिथली साखर पकडली गेली. त्याच आधारावर १९९७ साली उपाशीपोटीची हद्द १४० वरून १२६ वर आली. पुढे पाच देशांतल्या सुमारे ४४ हजार लोकांची माहिती एकत्र केली, तेव्हा मधुमेहाची म्हणता येईल अशी रेटिनोपॅथी एचबीएवनसी ६.३ ते ६.७ च्या दरम्यान चढायला लागते असं दिसलं. ६.५ त्याच पट्ट्यात बसतो.

गोष्ट इथे संपत नाही. २००८ साली ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतले तीन अभ्यास पुन्हा तपासले गेले. अधिक चांगले फोटो, अधिक कोन. तिथे तो एकदम चढ नीट सापडेना, आणि १२६ च्या रेघेने रेटिनोपॅथी असलेल्यांपैकी ४० टक्केही पकडले जात नव्हते. कारण वर आलंच आहे: बारीक खुणा मधुमेह नसलेल्यांतही असतात, कॅमेरा चांगला असेल तर त्याही मोजल्या जातात आणि चढ बुजतो. फक्त मध्यम किंवा त्यापुढची रेटिनोपॅथी मोजली की तो पुन्हा दिसतो. म्हणून "६.४ आला, सुटलो" आणि "६.६ आला, संपलं" या दोन्हीला अर्थ नाही.

मधुमेह होऊन किती वर्षांनी पडद्यावर परिणाम होतो?

विस्कॉन्सिनमध्ये १९८० च्या सुमाराला झालेल्या एका अभ्यासाचे आकडे अजून पाठ्यपुस्तकांत आहेत. लहान वयात मधुमेह झालेल्यांत, पाच वर्षं व्हायच्या आत १७ टक्के. पंधरा वर्षं उलटल्यावर ९८ टक्के. मोठेपणी झालेल्यांत पाच वर्षांच्या आत २९ आणि पंधरा वर्षांनंतर ७८. आता औषधं आणि साखर मोजण्याची साधनं सुधारल्याने हे आकडे पुष्कळ उतरले आहेत, तरी क्रम तोच आहे.

त्यातली एक गोष्ट थांबून बघा. मोठेपणी होणाऱ्या टाइप २ मध्ये पहिल्या पाच वर्षांतच एवढे लोक कसे? ब्रिटनच्या गाजलेल्या यूकेपीडीएस अभ्यासात तर नव्याने निदान झालेल्यांपैकीच तिसऱ्या हिश्शाहून जास्त लोकांच्या पडद्यावर ठिपके होते. कारण मधुमेह निदानाच्या दिवशी सुरू होत नाही. पडद्यावरून मागे हिशेब करून संशोधकांनी अंदाज काढला की तो निदानाच्या चार ते सात वर्षं आधी आलेला असतो. म्हणून नियम असा: टाइप २ असेल तर निदान झाल्याबरोबर पडदा तपासा, टाइप १ असेल तर पाच वर्षांच्या आत. पुढे दरवर्षी. "कालच तर शुगर निघाली, एवढ्यात डोळे कशाला" हे टाइप २ मध्ये चालत नाही.

भारतात टक्का कमी आहे, म्हणजे आपले डोळे जास्त चिवट?

असं वाटणं सोपं आहे. सिंगापूरमध्ये स्थायिक झालेल्या भारतीय वंशाच्या मधुमेहींत हाच टक्का ३० च्या आसपास निघाला. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम आणि कॉव्हेन्ट्रीत दक्षिण आशियाई मधुमेहींत ४५ आणि शेजारच्या गोऱ्यांत ३७. वंश आपलाच, टक्का दुप्पट-तिप्पट. तेव्हा परदेशातल्या मराठी मंडळींनी भारतातल्या आकड्यांवर विसंबू नये.

इथला आकडा कमी येण्यात धूसर फोटोंचा वाटा आहे, आणि इथे पुष्कळांचा मधुमेह अजून कोवळा आहे याचाही. शिवाय टक्का लहान असला तरी तो कशाचा, हे महत्त्वाचं. २०२३ साली छापलेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून जास्त मधुमेही आहेत आणि राज्यांत सर्वांत वर गोवा, तिथल्या प्रौढांपैकी २६.४ टक्के. आज ज्यांची पाच वर्षं झाली आहेत त्यांची पंधरा होतील तेव्हा हा टक्का इथेच थांबलेला असेल असं मला वाटत नाही.

मला वर्तमानपत्र चष्म्याशिवाय वाचता येतं. तरी तपासणी?

हो. बारीक वाचायला आपण पडद्याचा फक्त मधला इवलासा भाग वापरतो, मॅक्युला. बाकीच्या पडद्यावर रक्ताचे डाग असले, अगदी नव्या वाहिन्या उगवल्या असल्या, तरी मॅक्युला कोरडा, म्हणजे सूज नसलेला, असेपर्यंत पेपर स्वच्छ दिसतो. मग एके सकाळी डोळ्यासमोर काळं जाळं पसरतं, आणि रिक्षा करून धावपळ होते. अशा पेशंटच्या तोंडी एकच वाक्य असतं: "काल रात्रीपर्यंत व्यवस्थित दिसत होतं."

चष्म्याच्या दुकानात नंबर काढला, त्याला पडद्याची तपासणी म्हणत नाहीत. तिथे अक्षरं वाचून घेतात. पडद्यासाठी थेंब टाकून बाहुली मोठी करावी लागते, किंवा फंडस कॅमेऱ्याने फोटो काढावा लागतो.

साखर ताब्यात आणली की पडदा सुधारतो?

पुढचं नुकसान खूप कमी होतं. टाइप १ च्या डीसीसीटी या प्रयोगात (निष्कर्ष १९९३) साखर कडक ताब्यात ठेवलेल्या गटात नव्याने रेटिनोपॅथी होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. टाइप २ मध्ये बीपी काटेकोर ठेवल्यानेही ती वाढण्याचा धोका एक तृतीयांशाने उतरला. आपल्याकडे साखरेच्या गोळ्या नेमाने घेतात आणि बीपीची गोळी "आज बरं वाटतंय" म्हणून सोडतात. पडद्याच्या बाबतीत हे उलट्या पायावर चालणं आहे.

एक गोष्ट आधी सांगितलेली बरी. खूप चढलेली साखर झपाट्याने खाली आणली तर सुरुवातीच्या महिन्यांत पडदा थोडा बिघडू शकतो. हे इन्सुलिनने दिसलं आहे, आणि आता वजनासाठी ज्याचं नाव घरोघरी झालं आहे त्या सेमाग्लुटाइडच्या २०१६ सालच्या एका चाचणीतही दिसलं: दोन वर्षांत पडद्याची गुंतागुंत ३ टक्क्यांना, औषध न घेतलेल्यांत १.८ टक्क्यांना. त्रास मुख्यतः ज्यांचा पडदा आधीच खराब होता त्यांना झाला. औषध सोडायचं हा याचा अर्थ नाही. सुरू करण्याआधी पडदा दाखवून घ्यायचा.

गरोदरपणात?

आधीपासून मधुमेह असेल तर पहिल्या तीन महिन्यांत पडदा तपासा, कारण या काळात तो भराभर पुढे सरकू शकतो. साखर गरोदरपणातच पहिल्यांदा वाढली असेल तर पडद्याचा तसा धोका नसतो.

संधिवातासाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चालू आहे. त्यानेही पडदा खराब होतो म्हणे?

होतो, पण सावकाश. योग्य मात्रेत, म्हणजे वजनाच्या दर किलोला रोज ५ मिलिग्रॅमपर्यंत घेतलं तर पहिल्या पाच वर्षांत धोका शंभरात एकाहून कमी, वीस वर्षांनी मात्र पाचात एकाच्या जवळ. भारतात ही गोळी टाइप २ मधुमेहासाठीही दिली जाते, त्यामुळे काही मधुमेही ती संधिवात नसतानाही घेत असतात. पडदा तपासायला जाताना तिचं नाव डॉक्टरांना नक्की सांगा.

शुगरही नाही, बीपीही नाही. पडदा कधी दाखवायचा?

चाळिशीत एकदा सविस्तर, मग डॉक्टर सांगतील तसं. खूप मोठा मायनस नंबर असेल तर त्याआधीही. आणि काही गोष्टी दिसल्या तर त्याच दिवशी: अचानक विजेसारखे चमकारे, काळ्या ठिपक्यांचा पाऊस, नजरेच्या एका बाजूने पडदा ओढल्यासारखी सावली, सरळ रेषा वाकड्या दिसणं. शेवटचं लक्षण उतारवयात मॅक्युला झिजण्याचंही असतं, आणि तो आजार साखर पाहून येत नाही.

लेझर केल्यावर दिसेल का पूर्वीसारखं?

लेझर आहे ती नजर राखण्यासाठी असतं. १९७० च्या दशकातच सिद्ध झालं की पुढच्या पायरीवरच्या रेटिनोपॅथीत त्याने नजर गंभीरपणे जाण्याचा धोका निम्म्याहून कमी होतो. मॅक्युलाच्या सुजेसाठी डोळ्यात इंजेक्शन देतात, त्याने मात्र बऱ्याच जणांना आधीपेक्षा स्पष्ट दिसायला लागतं. ती एकदा घेऊन भागत नाही, सुरुवातीला दर महिन्याला लागतात. खर्च आणि रजा यांचा हिशेब आधीच विचारून घ्या, मधेच सोडलेली इंजेक्शनं फुकट जातात.

रिपोर्टवर 'माइल्ड एनपीडीआर' लिहिलंय. म्हणजे?

एनपीडीआर म्हणजे नव्या वाहिन्या न उगवलेली मधुमेहाची रेटिनोपॅथी, आणि माइल्ड ही तिची पहिली पायरी, फक्त ते फुगे. डोळ्यात काही करावं लागत नाही, साखर आणि बीपी बघायचं आणि सांगितलेल्या तारखेला परत जायचं. फोटोची प्रत मागून मोबाइलमध्ये ठेवा. पुढच्या वर्षी डॉक्टर बदलले तरी तुलना करता येते, आणि 'वाढलंय का' याचं उत्तर दोन फोटो शेजारी ठेवल्यावरच मिळतं.

थेंब टाकल्यावर गाडी चालवत घरी येता येईल?

नको. चार ते सहा तास जवळचं धूसर दिसतं आणि उजेड टोचतो. सोबत कुणाला तरी घेऊन जा आणि गॉगल विसरू नका.